साडेतीन क्रेटचा प्रवासी

पिकअप रिकामी झाली की शेजारच्या सीटवर बसलेल्या माणसावर डूख धरते. माल भरलेला असतो तोवर तिच्याइतकी समंजस गाडी नाही. खड्डा आला की वाकते, सावकाश वर येते, पुढच्या खड्ड्याची वाट पाहते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो उतरले आणि दादाने गाडी घराकडे वळवली, की पहिल्याच गतिरोधकाला ती मला छपरापर्यंत पोहोचवते. दादाला काही होत नाही. त्याला धरायला स्टिअरिंग आहे. मला धरायला दाराचे हँडल आहे, पण त्याने दार उघडते.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. तो जुन्नर तालुक्यात टोमॅटो पिकवतो, मी पुण्यात मराठी शिकवतो. त्यामुळे आमच्या घरात उत्पादक कोण, यावर कधी वाद झालेला नाही. सुट्टीत गावी गेलो की त्याच्याबरोबर बाजाराला जायचे, हा माझा जुना शिरस्ता. तो मोडायचा नाही आणि कंबरही मोडायची नाही, एवढीच माझी मागणी होती.

या गाडीच्या दृष्टीने माझी किंमत किती, हे काढणे सोपे आहे. टोमॅटोचा क्रेट धरतात 20 किलोचा. दीड टनाची पिकअप म्हणजे 75 क्रेट. मी सत्तर किलोचा, म्हणजे साडेतीन क्रेट. बाजार पडलेला असेल त्या दिवशी हा हिशेब मी मोठ्याने करत नाही. गाडी मात्र तो रोजच करते. तिचे मागचे पाटे 75 क्रेटसाठी घडवलेले. साडेतीन क्रेट चढले काय आणि उतरले काय, त्यांना पत्ताही लागत नाही.

दादाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने मला शास्त्र समजावले. "काका, स्प्रिंग तीच ठेवून वजन चौपट केलं, की हेलकाव्यांचा वेग निम्म्यावर येतो. वजन काढलं, की गाडी पुन्हा घाईला येते." चांगली मोटार म्हणे सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डुलते, म्हणून तिच्यात डुलकी लागते. रिकामी पिकअप त्याहून बरीच घाईत असते, आणि पाटे जे गिळत नाहीत ते बारीक दणके वेगळेच. त्यात बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला 4 ते 8 हादऱ्यांच्या बाबतीत सर्वांत हळवे. नारायणगावात मिसळ खाऊन निघालेल्या माणसाला हे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

उपाय सुचवणारे वाटेवर भरपूर भेटतात. पहिला पंक्चरवाला. "मागच्या टायरात भरल्या गाडीची हवा आहे. रिकाम्याला एवढी कशाला? उतरवा थोडी." खडीला सगळ्यांत आधी भेटतो तो टायर, तेव्हा पहिली स्प्रिंग तोच. हवा उतरवली आणि खरोखरच फरक पडला. रस्त्यावरची खडी मोजून मला कळवण्याचे काम टायरांनी सोडून दिले. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा 75 क्रेट! कमी हवेवर एवढे ओझे घातले तर टायरच्या भिंती सारख्या मुडपतात, तापतात आणि शेवटी टायर फुटतो. म्हणजे माझ्या कमरेसाठी दादाने रोज पहाटे काळोखात कॉम्प्रेसरपाशी उभे राहायचे. त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. त्या नजरेत साडेतीन क्रेट स्पष्ट दिसत होते.

मग आम्ही पाटेवाल्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने मला गाडीखाली वाकायला लावले आणि पाट्यांचा जुडगा दाखवला. ते एकत्र कुटुंबच होते. वर सर्वांत लांब मुख्य पाटा, दोन्ही टोकांनी घर धरून. त्याखाली उतरत्या लांबीचे भाऊ, सगळ्यांच्या पोटातून एकच सेंटर बोल्ट. आणि तळाशी एक जाडजूड, ताठ पाटा, जो एरवी कशातच पडत नाही आणि ओझे फारच झाले तरच हात लावतो. वाकताना हे पाटे एकमेकांवर घासतात. थोडे घासलेले चांगले, त्यात हेलकावा जिरतो. पण मध्ये गंज आणि चिखल साचला की सगळे एकमेकांना धरून बसतात. मग लहान खड्ड्यासाठी कुणीच जागचे हलत नाही आणि सारा दणका थेट पाहुण्याच्या वाट्याला येतो.

"यातला एखादा पाटा कमी केला तर?" मी विचारले.

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. "पाव्हणं, पाटा काढला तर तुमास्नी बरं वाटंल. पन माल भरला की गाडी बसंल, राह्यलेलं पाटं तुटत्याल, आन् तवा तुमी पुन्यात असाल."

याला उत्तर नव्हते. त्याने सगळे पाटे सुटे केले, ब्रश मारून गंज काढला, मध्ये ग्राफाइटचे ग्रीस भरले, झिजलेले बुश बदलले. पॅराबोलिक पाटे टाकायचाही सल्ला दिला: मधोमध जाड, टोकांकडे पातळ होत जाणारे, संख्येने दोन-तीनच आणि एकमेकांपासून अंतर राखून असलेले. दादाने किंमत विचारली आणि मग ग्रीसची मनापासून स्तुती केली.

शॉकअपविषयी सर्वत्र एक गोड समजूत आहे: शॉकअप जितका जाड, तितकी गाडी मऊ. प्रत्यक्षात तो बिचारा वजन उचलतच नाही. पोटातले तेल बारीक छिद्रांतून ढकलत तो फक्त हेलकाव्याचा जीव काढतो. तो गरजेपेक्षा कडक घेतला तर तुमचाही काढतो. आमचे जुने शॉकअप तेल गाळत होते. नवे बसवल्यावर गतिरोधकानंतरच्या दोन फुकटच्या उड्या बंद झाल्या. पहिली उडी तेवढी माझी राहिली.

तिला मात्र गतिरोधकच जबाबदार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नमुन्यानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. मग तो ताशी 25 किलोमीटरने सुखरूप ओलांडता येतो. आमच्या वाटेवरच्या गावांनी त्यातली उंची तेवढी मनावर घेतली आहे.

वहिनींनी गोधडीची चौपदरी घडी घालून दिली. "भाऊजी, ही खाली घ्या." घेतली. आता मी छपराला चार पदर अधिक जवळ बसतो.

टेक्सासमधल्या भाच्याला फोनवर हे सांगितले, तर त्याचेही हेच रडगाणे. त्याच्याकडे तिथली हेवी-ड्युटी पिकअप आहे. फरक एवढाच की आमची गाडी भरून जाते आणि रिकामी येते; त्याची जाते रिकामी आणि येते दूध-पाव घेऊन. तिकडच्या कंपन्यांनाही या दुखण्याची कल्पना आहे. रॅमने 2014 च्या 2500 मॉडेलला मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग दिल्या, जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला हवेवर तरंगणारे सस्पेन्शनही दिले. भाच्याची गाडी त्याआधीची, पाट्यांची. आधी त्याने ताकदीसाठी पैसे मोजले, आता ती सोसावी म्हणून मोजतो. दादा शांतपणे म्हणाला, "त्याला म्हणावं, हौद्यात वाळूची पोती टाक." त्यावर पुतण्याने मान डोलावली. वर्गमुळांतून जे त्याच्या हाती लागले होते, ते दादाकडे आधीपासूनच होते.

खरे सुख मला बैलाने दाखवले. ओबाडाया इलियट नावाच्या लंडनच्या गाडीवाल्याने 1804 साली घोडागाडीच्या लंबवर्तुळाकार स्प्रिंगांचे पेटंट घेतले. आमच्या बैलगाडीने त्याची दखल घेतली नाही. बैल बिनस्प्रिंगची गाडी ओढत राहिला, माणूस बुडाखाली कडबा घेऊन बसत राहिला. आता बैल पिकअपच्या स्प्रिंगांवर उभा राहून शर्यतीच्या घाटाला जातो. दादाच्या मित्राचा लाखमोलाचा खिल्लार आम्ही असाच नेला. त्या दिवशी तेच पाटे, तेच शॉकअप, तोच रस्ता. पण दादा गतिरोधकाच्या कितीतरी आधी पाय उचलायचा, गाडी जवळजवळ थांबवायचा, एकेक चाक अलगद वर घ्यायचा. मागे वीस-पंचवीस क्रेटचा बैल रवंथ करत होता आणि पुढे मला झोप लागली होती.

उतरल्यावर मी म्हणालो, "दादा, माझ्यासाठी कधी असं चालवलं नाहीस."

"तू पळणार आहेस का घाटात?"

तेव्हापासून मी गाडी सुधारण्याचा नाद सोडला आणि गाडी रिकामी येऊ न देण्याचा धरला. बाजारातून परतताना सरकी पेंड, सिमेंट, शेजाऱ्यांचे खत, जे मिळेल ते मी स्वतः हिंडून गोळा करतो. गावात माझी परोपकारी म्हणून ख्याती झाली आहे. परवा धनगराच्या वाड्यावरून टनभर लेंडीखत भरले. असा प्रवास आयुष्यात झाला नव्हता. गाडी डुलत होती, पाटे जिथल्या तिथे वाकत होते, पोटातली मिसळ जागची हलली नाही. फक्त वारा मागून होता.

दादाने फाट्यावर सोडले आणि मी तसाच पुण्याची एसटी धरली. गाडी खच्चून भरलेली. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ मंचरच्या आतच उठले आणि राजगुरुनगरपर्यंत आपखुशीने उभे राहिले. नंतर चढलेल्यांनीही त्यांचाच कित्ता गिरवला. पाय पसरून, दोन सीटवर ऐसपैस बसून, मी पुण्यापर्यंत आलो.