नऊ इंच, दोन सूत

डिसेंबरातला रविवार. बारमधल्या सगळ्या टीव्हींवर अमेरिकन फुटबॉलचा एकच सामना चालू आहे आणि कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसलेल्या सात बाप्यांपैकी एकही तो बघत नाही. चिकन विंग्जची ताटली बाजूला सारलेली आहे. सांडलेला सॉस कागदी रुमालाने पुसून तेवढी जागा कोरडी केली आहे, आणि त्या कोरड्या जागेवर एकाने उजवा पंजा जमेल तितका फाकवून ठेवला आहे. दुसऱ्याने खिशातून पट्टी काढली आहे. पट्टी खिशात कशी, असं विचारायचं नसतं. संघ १३ पैकी ११ सामने हरलेला असला की माणसं खिशात काहीही बाळगतात.

अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. ‘साडेआठ,’ पट्टीवाला जाहीर करतो. पंजावाल्याचा चेहरा उतरतो. हा गृहस्थ दातांचा डॉक्टर आहे, वय सत्तेचाळीस. त्याला कोणी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, म्हणून निवडेल अशी शक्यता पूर्वीही नव्हती, पण आता तसा लेखी पुरावा झाला.

चर्चेचा विषय अर्थातच नेहमीचा. आपला क्वार्टरबॅक का चालत नाही, आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांच्या खेळाडूनिवडीत, कॉलेजातला कोणता पोरगा उचलावा. तीन हंगाम खल केल्यावर मंडळींना मूळ दुखणं सापडलं आहे. क्वार्टरबॅकचा हात लहान आहे.

ही थट्टा नव्हे. हात खरोखरच मोजतात. दर वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस तीनशेहून अधिक कॉलेजवीर इंडियानापोलिसला जमतात, १९८७ पासून तिथेच, आणि व्यावसायिक संघांची माणसं त्यांची मोजदाद करतात. उंची, वजन, बाहूची लांबी, ४० यार्ड धावायला लागणारा वेळ, जागच्या जागी मारलेली उडी. आणि पंजा. आकडा इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत लिहायचा. नऊ इंच भरला तर ठीक, खाली गेला की कुजबुज, दहाच्या वर गेला की जाणकारांच्या डोळ्यांत पाणी. मोजणीआधी अंगठ्याच्या मुळाशी मालीश करवून घेऊन पंजा वाढवू पाहणारेही होऊन गेले आहेत. याच मेळाव्यात पूर्वी १२ मिनिटांत ५० प्रश्नांची बुद्धिचाचणी असायची. ती २०२२ मध्ये बंद झाली. डोकं मोजणं थांबलं, पंजा मोजणं चालू आहे.

टेबलाशी सांगलीकडचा एक इंजिनिअर बसला आहे. अशा टेबलाशी एखादा असतोच. बर्फातला त्याचा हा चौथा हिवाळा, संघाच्या दुःखातला तिसरा हंगाम. ‘आमच्याकडे याला वीत म्हणतात,’ तो सांगतो. अंगठा ते करंगळी, बारा अंगुळं. दोन विती म्हणजे एक हात. टेबल गप्प. मग पट्टीवाला हळूच विचारतो, ‘आणि ही वीत साधारण किती इंच धरतात?’

‘नऊ.’

पुन्हा शांतता, या वेळी आदराची. म्हणजे ज्या मुलखात पंजाचं प्रमाणमापच मुळी नऊ इंच, तिथे घरोघरी पहिल्या फेरीचे क्वार्टरबॅक! तिकडून ड्राफ्टला कोणीच का येत नाही, असं दातांच्या डॉक्टरने अगदी मनापासून विचारलं.

गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण इंजिनिअरचे वडील बांधकामावर मुकादम, त्यामुळे इंचाचा आठवा हिस्सा म्हणजे काय हे त्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. एक सूत. फळी दोन सूत जास्त झाली की सुतार रंधा काढतो; सळई तीन सुती हवी की चार सुती, असं दुकानदार विचारतो. तोच हिशेब लावला तर आपला सध्याचा क्वार्टरबॅक आठ इंच सहा सूत. आणि येत्या ड्राफ्टमधला टेबलाचा लाडका पोरगा नऊ इंच दोन सूत. आता मोजणी होणार फेब्रुवारीत, मग डिसेंबरात हा आकडा आला कुठून? फोटोवरून. चेंडूची लांबी ११ इंच, फोटोत चेंडू इतका, पंजा इतका, तर खरा पंजा किती? सातवीत गणितात नापास झालेल्या माणसांनी बारमध्ये त्रैराशिक मांडून तो काढला आहे.

फरक चार सुतांचा. अर्धा इंच. चार सूत जास्त म्हणजे चेंडूवर पकड, कारण चेंडूचा घेर सर्वांत फुगीर जागी २१ इंच असतो. पकड म्हणजे पावसात चेंडू निसटणार नाही. निसटला नाही म्हणजे ताबा आपल्याकडे, ताबा म्हणजे वेळ, वेळ म्हणजे लांबचा पास, लांबचा पास म्हणजे टचडाऊन. टचडाऊन झाले की बाद फेरी, बाद फेरीत पोचलो की कोच टिकला, कोच टिकला की दुसऱ्या वर्षी अंतिम सामना, आणि अंतिम सामना जिंकला की शहरातून मिरवणूक. मिरवणुकीचा मार्ग पंधरा मिनिटांत ठरला. नदीवरच्या पुलावरून न्यायची की नाही, यावर दोन तट पडले. गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न निघाला तेव्हा एकाने आपल्या मेहुण्याच्या गोदामाचं अंगण देऊ केलं, दुसऱ्याने त्या मेहुण्याबद्दल काहीतरी बोलून घेतलं, आणि डॉक्टरने फोन काढून दोन वर्षांनंतरच्या फेब्रुवारीतला एक अख्खा दिवस दवाखाना बंद अशी नोंद केली. टीव्हीवर त्याच वेळी आठ इंच सहा सुतांचा माणूस मैदानावर उताणा पडला होता आणि त्याच्यावर तिघे जण बसले होते. ते कोणी पाहिलं नाही. या सगळ्या बांधकामाला मराठीत फार जुना शब्दप्रयोग आहे, पण इंजिनिअरला तो इंग्रजीत काही सांगता येईना. सुतावरून स्वर्ग.

पंजाला काहीच अर्थ नाही असं म्हणणंही खोटेपणाचं होईल. थंडीत, ओल्या चेंडूला मोठा हात कामी येतोच. पण चेंडू कुठे फेकायचा हे अडीच-तीन सेकंदांत ठरवायचं असतं, तेही समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असताना. चेंडू झेलणारा रिसिव्हर अजून वळलेला नसतो. तो जिथे वळेल तिथे चेंडू आधीच टाकायचा असतो. दोघांचं सूत जमलेलं असावं लागतं, आणि हे सूत मोजायची पट्टी इंडियानापोलिसला कोणाकडेही नाही. असती तर २०२१ सालासारखं झालं नसतं. त्या वर्षी पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले, त्यांतले तिघे तर ओळीने पहिल्या तीन क्रमांकांवर. सगळ्यांचे पंजे मोजलेले, चित्रफिती शंभरदा बघितलेल्या, मुलाखती झालेल्या. २०२४ चा हंगाम सुरू व्हायच्या आत त्या पाचांपैकी चौघांना त्यांच्या संघांनी वाटेला लावलं होतं. यातून धडा घेतला तो असा, की २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या १२ निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले. पहिल्या फेरीत सहा हा १९८३ चा विक्रम. त्याची बरोबरी झाली.

चाहत्याचं वर्ष ठरलेलं असतं. सप्टेंबरात ‘यंदा काहीतरी वेगळं वाटतंय’. ऑक्टोबरात ‘बदलीवाल्याला खेळवा’. बाकावर बसलेला दुसरा क्वार्टरबॅक हा पडक्या संघाच्या गावातला सर्वांत लाडका माणूस, कारण त्याने अजून एकही चेंडू फेकलेला नसतो. तो मैदानात उतरतो, दोन पास शत्रूच्या हातात देतो आणि पुढच्या रविवारी सगळी माया बाकावरच्या तिसऱ्याकडे वळते. नोव्हेंबर उजाडला की मात्र तिघांचीही गरज संपते. आता हरायचं असतं.

कारण जो सर्वांत वाईट खेळेल त्याला ड्राफ्टमध्ये पहिला हात मारायला मिळतो. १९३६ पासूनची ही रीत, दुबळ्याला बळ मिळावं या सद्‌हेतूने घातलेली. क्रमांकांची अदलाबदल करायला १९९० च्या दशकात बनलेला एक तक्ताही आहे. पहिल्या निवडीला ३००० गुण, दुसरीला २६००, तिसरीला २२००, चौथीला १८००. बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून सौदा करतात. इथे सगळं उघड्यावर असतं आणि चाहत्यांना पाढ्यांसारखं पाठ असतं. बायकोचा वाढदिवस विसरणारा माणूस सतरावी निवड ९५० गुणांची, हे झोपेत सांगतो.

त्यामुळे हंगामाच्या शेवटच्या रविवारी जे घडलं ते फार वाईट घडलं. संघ जिंकला. शेवटच्या चार सेकंदांत मारलेली किक दोन्ही खांबांच्या मधून गेली आणि बारमध्ये प्रेत उठल्यासारखी शांतता पसरली. फक्त शेजारच्या टेबलावरचा सात-आठ वर्षांचा एक पोरगा, गुडघ्यापर्यंत येणारी जर्सी घातलेला, खुर्चीवर उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बापाने त्याला दंडाला धरून खाली बसवलं. ‘पण आपण जिंकलो ना?’ पोराने विचारलं. ‘तेच तर,’ बाप म्हणाला. पहिल्या क्रमांकावरून चौथ्यावर. बाराशे गुण पाण्यात. डॉक्टरने फोन काढून दवाखान्याची ती नोंद पुसून टाकली.

इथे या सदराचा तोल जातो. पोराला खाली बसवलंत कशासाठी? तिथे खेळ बघत होता तो तेवढा एकच. आणि या आठ इंच सहा सुतांच्या माणसाला तीन वर्षांत तुम्ही काय दिलंत? पहिल्या वर्षी एक कोच, तो हाकलला. दुसऱ्या वर्षी दुसरा, तोही गेला. नवा गडी नवं राज्य. प्रत्येक गडी आपली जाडजूड वही घेऊन येणार, प्रत्येक चालीला नवं नाव ठेवणार, आणि काल पाठ केलेलं आज विसर म्हणणार. शिवाय पहिल्या फेरीतल्या पोराचा करार चार वर्षांचा. पाचवं वर्ष द्यायचं की नाही हे संघाने तिसऱ्या हंगामानंतरच ठरवायचं. म्हणजे तीन शिक्षक बदलून झाल्यावर लगेच परीक्षा, आणि नापास झाला की म्हणायचं, याची वीत आखूड! मालकाची वीत कोणी मोजली आहे का? ३२ संघांच्या या लीगमध्ये हरणाऱ्याला खालच्या वर्गात ढकलत नाहीत, कारण खालचा वर्गच नाही. टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचे पैसे पहिल्या आणि शेवटच्या संघाला सारखेच मिळतात. पंधरा सामने हरा, पैसे तेवढेच, वर बक्षीस म्हणून चांगल्यातला चांगला पोरगा, आणि तो मोडला की पुढच्या एप्रिलात दुसरा. मालकाच्या पंजात काय काय मावतं, ते मोजायला पट्टी नव्हे, साखळी लागेल.

आणि ती फळी! क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जण उभे असतात. त्याला ते अडीच-तीन सेकंद मिळवून देणं एवढंच त्यांचं काम. चेंडू ते फेकत नाहीत, झेलत नाहीत, जाहिरातीत येत नाहीत. आपल्या संघात त्यांपैकी दोघे जखमी, एक चुकीच्या जागी खेळतोय आणि उरलेले दोघे काल-परवा कुठून तरी आणलेले. समोरचे येतात ते या कुडातून, आणि क्वार्टरबॅक पडतो. सात बाप्यांनी मिळून या हंगामात पंजावर जितके तास घालवले, त्यातली दहा मिनिटं तरी फळीवर घालवली का? एकाच्या तरी घरी फळीतल्या माणसाच्या नावाची जर्सी आहे? इतरांचं सोडा, निदान दातांच्या डॉक्टरला तरी कळायला हवं होतं. हिरड्या कुजल्या असताना तो पुढचा दात कितव्यांदा बदलणार आहे?

इंजिनिअरने जानेवारीत एकदा हे काढून पाहिलं. म्हणाला, क्रमांक चारवर यंदा फळीतला माणूस घ्यावा. टेबलावरच्यांनी त्याच्याकडे अशा दयेने पाहिलं की तो पुढे काही बोलला नाही, त्याने मुकाट्याने विंग्जची ताटली पुढे ओढली.

मतदान झालं. एप्रिलमध्ये नऊ इंच दोन सूतवालाच घ्यायचा, चौथ्या क्रमांकावर उरला नसेल तर पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या निवडी देऊन वर सरकायचं. सात विरुद्ध शून्य. इंजिनिअरनेही हात वर केला. पंजा पसरलेलाच होता, पट्टीवाल्याने तेवढ्यात मोजून घेतला.

फळीचे उमेदवारही फेब्रुवारीत इंडियानापोलिसला येतात. त्यांचे पंजेही तिथेच, तसेच मोजतात, आणि तेही सुतापर्यंत लिहून ठेवतात. बहुधा ते दहा इंचांच्या आसपास भरतात.