पद्मिनी ठेवावी की काढावी : वारसांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या दारात वडिलांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे, तिच्या चाकांत हवा नाही, आणि तरीही कुणी ‘विकून टाका’ म्हटलं की घरातली दोन माणसं ताटावरून उठतात, अशा कुटुंबांसाठी पुढील सूचना आहेत. ज्यांची गाडी अजून चालते त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांचीही पाळी येईल.

साहित्य फार लागत नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक (अष्टविनायकाच्या यात्रेतून आणलेलं चालेल, ते जितकं अशक्त तितकं या कामाला बरं), जाड टोकाचा पेचकस, जॅक, जुनी सतरंजी आणि घरातली सून. सुनेने या गाडीतून महाबळेश्वर पाहिलेलं नसतं, म्हणून तिची नजर स्वच्छ असते. चुंबक तिच्याच हातात द्यावं.

सुरुवात दरवाजांच्या खालच्या कडेपासून. मग चाकावरची कमान, हेडलाइटचा भोवरा, डिकीची किनार. चुंबक पत्र्याला धरून राहिलं तर पत्रा आहे. ते गळून पडलं तर तिथे लांबी आहे, म्हणजे मागच्या डेंटरने थापलेली पुट्टी. लांबीच्या मागे काय आहे हे नशिबावर अवलंबून. कधी वेल्डिंग केलेला तुकडा निघतो, कधी वर्तमानपत्राचा बोळा. बोळा निघाल्यास टाकू नये. त्यावरची तारीख वाचून मागचं डेंटिंग कोणत्या साली झालं ते काढता येतं, आणि त्या वेळी बिलात ‘नवीन पत्रा’ असं का लिहिलं होतं यावर घरात एक संध्याकाळ जाते.

रंगाला आलेले फुगे हा आजाराचा शेवट आहे, सुरुवात नव्हे. गंज आतून येतो. दाराच्या काचेच्या कडेतून झिरपलेलं पाणी खाली उतरतं, दाराच्या तळाशी ते निघून जायला भोकं असतात, ती मातीने बुजतात आणि पाणी आतच मुरतं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतं, म्हणून ते फुगतं आणि रंगाला वर ढकलतं. अलिबाग-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हे सगळं आणखी लवकर होतं. फुगा दिसला तेव्हा मामला बराच पुढे गेलेला असतो.

आता मुख्य परीक्षा. पायाखालची मॅटिंग उचलून फ्लोअरवर पेचकस दाबा. तो आरपार गेला आणि खाली फरशी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, फक्त तिथे पाय ठेवू नका. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. फियाट ११०० चं जे मॉडेल १९५३ मध्ये इटलीत निघालं, तेव्हापासून या घराण्यात बॉडी हाच सांगाडा. दाराखालची जी लांबट पट्टी आपण पुसताना विसरतो, तिच्यावर गाडीचा बराचसा भार आहे. म्हणून जॅक लावून एक बाजू उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावून बघा. सहज लागलं तर गाडी वाचेल, पैसे घाला. अडकलं तर गाडी मधून वाकते आहे. वरून कितीही रंग मारला तरी ती रंगवलेली वाकडी गाडी राहील. तशी ठेवू नये.

झालं. एवढ्याने उत्तर मिळतं आणि फार तर अर्धा तास लागतो. नेमक्या याच कारणासाठी ही परीक्षा कोणतंही कुटुंब आधी करत नाही. आपणही घाई करू नये. रूढ पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

रूढ पद्धतीत सुरुवात इंजिनापासून होते, कारण इंजिनाबद्दल प्रत्येक पुरुषाला मत असतं. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन खरोखर गुणी आहे. उघडावं, बोअर करावं, पिस्टन-रिंगा टाकाव्या, पुन्हा बसवावं. जुन्या मिस्त्रीला हे झोपेत जमतं. म्हणून पहिला खर्च इथे करायचा. बॉनेट वर, तीन भाऊ भोवती, कार्बोरेटर साफ, चोक ओढलेला, आणि पाचव्या झटक्याला गाडी जेव्हा निळा धूर सोडून चालू होते तेव्हा सर्वांत मोठ्या भावाचे डोळे भरून येतात. त्या क्षणी फ्लोअरचा विषय काढणारा मनुष्य कुटुंबातून कायमचा उठतो. (पेट्रोलचा विषयही काढू नये. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा यांना मानवत नाही. नळ्या बदलणं स्वस्त आहे. पण हे मिस्त्रीने सांगावं, तुम्ही नाही.)

मिस्त्री निवडताना एकच वाक्य ऐकावं. ‘‘पत्रा बघा साहेब, आताच्या गाडीत येतो का असा?’’ असं म्हणणारा सर्वच गाड्यांना म्हणतो. तो पोटार्थी आहे, वाईट नव्हे. ‘‘खोलल्यावर कळेल’’ म्हणणारा प्रामाणिक आहे, पण त्याचं कधीही कळून संपत नाही. सामान कुठून आणायचं हे तोच सांगेल. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं, तरी यंत्राचे भाग अजून सापडतात. अडतं ते बारीक गोष्टींवर : त्रिकोणी काचेचं रबर, दाराचं बीडिंग, दिव्याची चकती. त्यासाठी मुंबईचा चोरबाजार किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड. पद्मिनी जन्मली कुर्ल्याच्याच कारखान्यात, आणि सुटी होऊन विकली जाते तीही कुर्ल्यातच, यावर परतताना भावांपैकी कुणीतरी बोलेलच.

यानंतर कुटुंबाचं मत. ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर घ्यावं, म्हणजे सगळ्यांचं येतं. अनुभवाचा नियम असा की जो जितका लांब राहतो तितका त्याचा गाडीवर जीव. न्यू जर्सीचा काका विकण्याच्या ठाम विरोधात असतो. त्याला पुढचा सलग बाक आठवतो, त्यावर तिघं बसत ते आठवतं. स्टिअरिंगवरचा हँडगिअर आठवतो. खंडाळ्याच्या घाटात बॉनेटमधून वाफ आल्यावर रस्त्याकडेला थांबून रेडिएटर निवण्याची वाट बघणं आणि तोवर शिंग्रोबाला नाणं टाकणं आठवतं. पुण्याच्या बहिणीला बुकिंगनंतर गाडी येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबलेले बाबा आठवतात. ठाण्याच्या भावाला, ज्याच्या पार्किंगमध्ये ती उभी आहे, सोसायटीच्या सेक्रेटरीची तिसरी नोटीस आठवते. लगेच खर्चाची वर्गणी मांडावी. ग्रुप शांत होतो. एखादा हात जोडल्याचं चित्र टाकतो, ज्याचा अर्थ काहीही घेता येतो. भावनेचं वजन रुपयांत मोजण्याची याहून सोपी रीत मला माहीत नाही.

मग कागद. इथे मार्गदर्शकाने थोडं गंभीर व्हायलाच हवं. आरसी काढून नाव वाचा. गाडी अजून बाबांच्याच नावावर असेल. मालक वारल्याची माहिती आरटीओला तीस दिवसांत द्यायची आणि नाव बदलण्याचा अर्ज, फॉर्म ३१, तीन महिन्यांत करायचा, असा नियम आहे; तो बहुतेक घरांत चौदाव्यानंतर विस्मरणात जातो. आता गंमत अशी की गाडी ठेवायची तर फेरनोंदणीसाठी नाव आपलं हवं, आणि अधिकृत केंद्रात भंगारात काढायची तरी आपण वारस असल्याचा कागद हवा. म्हणजे दोन्ही वाटांवर त्याच सगळ्या वारसांची संमती. ज्यांचं एका रबराच्या खर्चावर एकमत झालं नाही, त्यांच्या सह्या एका कागदावर आणायच्या.

फेरनोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी. कारची फी एप्रिल २०२२ पर्यंत सहाशे रुपये होती, मग पाच हजार झाली. वीस वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. भंगारात काढल्यास मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या करात सवलत मिळते. केंद्राने तिची कमाल मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. पन्नास वर्षं झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनी विंटेजचा मान मिळू शकतो, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीचे वीस हजार रुपये. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं, त्यामुळे पहिल्या काही गाड्या आता त्या वयाच्या झाल्या. पण विंटेज गाडी रोज फिरवता येत नाही, आणि बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदलही केलेला चालत नाही. काकाला हे एवढ्यात सांगू नये. तो लगेच रॅलीचं तिकीट काढेल.

मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती उतरली. तेव्हा एखादी तरी जपून ठेवा अशी मागणी झाली, वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त झाली, आणि ज्यांच्या दारात एक होतीच त्यांना वाटलं की सरकारने आपलीच न्यावी.

सगळं झालं, सुनेची परीक्षाही अखेर झाली, दार अडकलं आणि गाडी काढायची ठरली, असं समजू. आता सांगायचं केव्हा? दसऱ्याच्या आठवड्यात नको. त्या दिवशी हिला झेंडू घातलेला असतो. त्याआधी पितृपक्षात तर मुळीच नको, कारण हिच्या आरसीवर ज्यांचं नाव, त्यांचीच तिथी त्यात येते. दिवाळीला काका आलेला असतो. मार्चअखेरीस ठाण्याच्या भावाला ऑफिसमधून मान वर करता येत नाही. मे महिन्यात भाचरं येतात आणि दिवसभर तिच्यात बसून हॉर्न वाजवतात. उरतो जून. जूनमध्ये, मन फिरून ठेवायची म्हटली तरी, पेंटर रंगाला हात लावत नाही, दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते. आणि भंगारवाल्याची क्रेन चिखलात गल्लीत शिरत नाही.

तेव्हा ताडपत्री घ्यावी. ती पत्र्याला टेकू देऊ नये, आत ओल कोंडते. चार बांबू रोवून वर ताणावी आणि बाजू उघड्या ठेवाव्या. पद्मिनी चार मीटरला किंचित कमी भरते, अठरा बाय बारा फुटांची पुरते. रंग निळा घ्या. पिवळी सेक्रेटरीला गॅलरीतून दिसते.