भाऊजींची ट्रायल

आमच्या भाऊजींना डॉक्टरांनी सांगितलं, "रोज चाळीस मिनिटं चाला. जमलं तर थोडं पळा." साखर काठावर येऊन उभी होती. दुसरा कुणी असता तर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून निघाला असता, किंवा सरळ झोपून राहिला असता. भाऊजींनी त्याच रात्री लॅपटॉप उघडला. बूट तसे लवकर ठरले. घड्याळाला थोडा वेळ लागला. मग गाडी कानांपाशी आली आणि तिथंच अडली. पळताना कानात घालायला बिनतारी इअरफोन हवेत, ते घामात टिकले पाहिजेत, उडी मारली तरी पडता कामा नयेत, आणि ते मिळेपर्यंत पळायला सुरुवात करण्यात अर्थ नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

भाऊजी पिंपरीच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहेत, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. क्वालिटीतला माणूस वस्तू विकत घेत नाही, ती पास करतो. त्यांच्या घरातला कुकर, पंखा, मिक्सर, कुणीही तपासणीशिवाय उंबरठा ओलांडलेला नाही. ताई म्हणते, "मला बघायला आले तेव्हा आईला वाटलं मुलगा फार लाजाळू आहे, मान खाली घालून बसलाय. तो मनात तक्ता भरत होता."

इअरफोनचा तक्ता एक्सेलमध्ये आहे. दीड हजारापासून वीस हजारांपर्यंतचे सगळे जोड त्यात आडवे पडलेले. वजन, चार्ज किती टिकतो, पाण्याचा आकडा, पकड असे रकाने आणि शेवटी 'शेरा'. खरं वाचण्यासारखं तिथं आहे. "उतारावर सुटतो." "डावा रुसतो." "बटण दाबायला गेलं की कानच आत जातो." एका जोडापुढे नुसतंच "माणूस चांगला, पण घाम सोसत नाही" असं लिहिलंय.

त्यांची दोन वाक्यं घरात पाठ आहेत. पहिलं, "बेसिक क्लिअर पाहिजेत." दुसरं, "घाई काय आहे?" पहिलं दुकानदाराला आणि दुसरं ताईला.

दुकानात त्यांच्याबरोबर जाण्यासारखी करमणूक नाही. मॉलमधली शोरूम असो की तपकीर गल्लीतला गाळा, पद्धत एकच. आधी सेल्समनची तोंडी परीक्षा. एकदा एका कोवळ्या पोरानं खोका पुढे करून सांगितलं, "सर, हा आयपीएक्स सेव्हन आहे. एक्स म्हणजे एक्स्ट्रा." भाऊजींच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी त्यांच्या मुलाच्या बारशालाही पाहिला नव्हता. त्यांनी स्टूल ओढलं.

"बाळा, बेसिक क्लिअर पाहिजेत. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. एक्स म्हणजे धुळीच्या पेपरला गैरहजर. नापास नाही, बसलाच नाही. आता पाणी. चार म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालतंय. पाच म्हणजे पाण्याची धार सोसतो. सात म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी जिवंत. पण नुसता सात असेल तर धार सोसेलच असं नाही हं! विहिरीत टाकला तर वाचेल, नळाखाली धरला तर कोण जाणे. आणि या सगळ्या परीक्षा गोड्या पाण्याच्या. घाम खारट असतो. घामाचा पेपर यात कुठंच नाही. चार्जिंगचे ते सोनेरी ठिपके असतात ना, घामानं आधी ते गंजतात. म्हणून पळून आलं की पुसून, वाळवून मगच डबीत ठेवायचं."

पोरगा हे सगळं मोबाईलवर टिपून घेत होता. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो दुसऱ्या गिऱ्हाईकाला "गैरहजर" हाच शब्द वापरून सांगत होता. भाऊजींनी मला कोपरानं ढोसलं.

मग प्रात्यक्षिक. भाऊजी इअरफोन कानात घालून दुकानातच जागच्या जागी पळतात. नंतर मान जोरजोरात वरखाली, हो हो हो, मग डावीउजवीकडे, नाही नाही नाही. समोरच्याला कळत नाही की गिऱ्हाईक घेतंय की नाकारतंय. त्यांचा डावा कान उजव्यापेक्षा लहान आहे, त्यामुळे डावीकडे छोटी रबरी टोपी आणि उजवीकडे मधली. आपले दोन कान सारखेच आहेत असं समजणाऱ्या माणसांबद्दल त्यांना मनापासून कीव वाटते. "बहुतेकांचे पडतात ते त्यामुळेच. कंपनी तीन मापं देते, लोक खोक्यातून जी लावलेली येते तीच घालून फिरतात."

आवाजाची कसोटी मात्र ठरलेली आहे. पंडित भीमसेन जोशींचा अभंग. डोळे मिटायचे आणि आधी टाळ शोधायचे, मग तानपुरा, सगळ्यात शेवटी डग्गा. व्यायामाचे म्हणून जे इअरफोन विकतात त्यांत खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो असं त्यांचं म्हणणं. "बघ, टाळ गायब. वारकरी एक आणि डग्गेवाले पन्नास."

आता तुम्ही म्हणाल, पळायचंय तर एवढं कशाला ऐकायचं? हे मीही विचारलं होतं. उत्तर म्हणून मला चकली मिळाली. दिवाळी होती. त्यांनी माझ्या कानात घट्ट बसणारा एक जोड कोंबला आणि म्हणाले, "खा." पहिल्याच घासाला डोक्यात खडी फोडायचं यंत्र सुरू झालं. "कळलं? कानाचं भोक बुजवलं की शरीरातला आवाज आतच कोंडतो. पळताना तसंच होतं. गाणं बाजूला आणि आपलीच पावलं टाळूत धप धप धप." तेव्हापासून त्यांच्या तक्त्यात 'चकली' हा रकाना आहे. कोणत्याही परदेशी समीक्षकाला हे सुचलेलं नाही आणि मला वाटतं, यात भाऊजी त्यांच्या पुढे आहेत.

तळजाईच्या टेकडीवर त्यांना आणखी एक शोध लागला. घरात उत्तम चालणारा जोड टेकडीवर आला की उजव्या कानात तुटायला लागे. ताई म्हणाली, बिघडलाय, परत करा. भाऊजी म्हणाले, "तो बिघडला नाही, मी मध्ये येतोय." ब्लूटूथची लहर २.४ गिगाहर्ट्झची. पाणी ती गिळतं आणि माणूस निम्म्याहून जास्त पाण्याचा. फोन डाव्या खिशात असला की उजव्या कानापर्यंत जायला लहरीला अख्खे भाऊजी ओलांडावे लागतात, आणि भाऊजींचा घेर लक्षात घेता तो काही लहान प्रवास नाही. घरात ती भिंतींवर आपटून, वळसा घालून पोचते. टेकडीवर भिंत कुठली? त्यांनी फोन दंडाला बांधला आणि तुटणं थांबलं. त्या आनंदात त्यांनी वाटेत भेटेल त्याला थांबवून फोन कुठं ठेवता असं विचारायला सुरुवात केली. सकाळी साडेसहाला अनोळखी माणसाच्या खिशाची चौकशी करणारा गृहस्थ म्हणून ते काही काळ प्रसिद्ध होते.

टेकडीवर त्यांचे शत्रू दोन प्रकारचे. एक, जे इअरफोन वापरतच नाहीत, शर्टाच्या खिशातल्या मोबाईलवर भजन लावून अख्ख्या जंगलाला ऐकवतात. दोन, ज्यांच्या कानातलं गाणं चार हातांवरून आपल्याला ऐकू येतं. दुसऱ्यांना ते थांबवून सांगतात की जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास, तेवढाच कोटा. आवाज वाढवला की तास झपाट्यानं कमी होतात. पोरं मान डोलावतात. त्यांना काहीच ऐकू आलेलं नसतं.

बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे महागडे जोड त्यांनी पळण्यासाठी एका फटक्यात बाद केले. कारण विचारलं तर म्हणाले, "गाणं ऐकू आलं पाहिजे आणि कुत्रंही ऐकू आलं पाहिजे." या एका वाक्यात जी अक्कल आहे ती मला त्यांच्या सगळ्या तक्त्यात दिसलेली नाही.

त्यातूनच ते हाडातून ऐकवणाऱ्या पट्ट्याकडे वळले. कान उघडा राहतो आणि कानापुढच्या हाडावर टेकलेली चकती थरथरून आवाज आत पोचवते. यातली नावाजलेली कंपनी आफ्टरशॉक्झ. तिनं २०२१ मध्ये नाव आखडून शॉक्झ केलं, तेव्हा भाऊजींनी रात्री बसून सगळ्या तक्त्यात दुरुस्ती केली होती. तो पट्टा घेऊन ते आमच्याकडे आले आणि थेट आईपुढे बसले. आईच्या डाव्या कानाचा पडदा लहानपणापासून फाटका आहे. कानाचं यंत्र तिनं आणल्या दिवशीच कपाटात ठेवलं, ते तिथंच आहे.

"आई, हे कानात घालायचं नाही. हाडावर ठेवायचं. हाडातून ऐकू येतं."

"मग मेल्यावरही येईल की," आई म्हणाली.

तरी तिनं लावून घेतला. भाऊजींनी तोच तो अभंग लावला. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं दोन्ही हातांनी पट्टा दाबून धरला आणि म्हणाली, "टाळ वाजतायत." पडदा आणि त्यामागची वाट टाळून आवाज सरळ आत जातो, तेव्हा अशा कानांना तो पोचतो, हे भाऊजी समजावून सांगत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. निघताना त्यांनी पट्ट्याकडे हात केला. "ट्रायलसाठी आणलाय, आई." "हो, मीही ट्रायलच घेतेय," आई म्हणाली. पट्टा आमच्याकडेच आहे. सकाळी पूजेच्या वेळी ती तो लावून बसते आणि आता तिला हाक मारली तर मुद्दाम ओ देत नाही, असा माझ्या बायकोला संशय आहे.

भाच्याचा प्रसंग तर सगळ्या सोसायटीला माहीत आहे. त्याला तारेशिवायचे सुटे जोड घेऊन दिले होते, त्यातला एक तळजाईच्या झाडीत पडला. फोनवरून हुकूम सोडला की हरवलेला बारीक टुक टुक करतो, म्हणून भाऊजी, भाचा, मी आणि वाटेत जमलेले पाचसहा हितचिंतक कान देऊन झुडपांत शिरलो. आवाज येत होता. टुक, टुक, टुक, अगदी एका लयीत. आम्ही बाभळी, गवत तुडवत त्याच्या मागे बरेच वर गेलो. शेवटी तो एका वडावरून येतोय असं निघालं. तांबट पक्षी होता. इअरफोन भाच्याच्या जॅकेटच्या टोपीत सापडला. तक्त्यात त्या दिवशी नोंद पडली: "सुटे जोड तरुणांना देऊ नयेत. गळ्यातला पट्टा बरा. मानेवर आपटतो, पण हरवत नाही."

एकदाच असं वाटलं होतं की भाऊजींचं ठरलं. एका परदेशी कंपनीचा जोड त्यांच्या सगळ्या रकान्यांत उतरला होता, चकलीतसुद्धा. पैसे काढून ठेवले. आणि जून २०२४ मध्ये त्या कंपनीनं असले जोड बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाऊजी दोन दिवस जेवताना गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बरं झालं घाई केली नाही."

दरम्यान त्यांचं नाव झालं. आमच्या नात्यात, त्यांच्या कारखान्यात, सोसायटीत कुणालाही पळायचं असलं की तो आधी भाऊजींना फोन करतो. आपली रक्कम सांगायची, कानाचे फोटो पाठवायचे, दोन्ही कानांचे. भाऊजी जोड निवडतात, मागवून घेतात आणि लगेच देत नाहीत. "आठ दिवस ट्रायल घेतो, मग ने." त्या आठ दिवसांत ते रोज पहाटे तळजाईला जातात, चढ, उतार, सपाटी, तिन्हीवर पळून बघतात, घाम गाळून बघतात, मग रबरी टोप्या साबणानं धुऊन, वाळवून, छापील शेऱ्यासह वस्तू मालकाच्या हवाली करतात. एकाचं झालं की दुसऱ्याचा येतो. पावसाळ्यात तर रांग असते, कारण पाण्याची ट्रायल तेव्हाच फुकट होते.

परवा त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा कागद दोनदा पाहिला. "उत्तम! वजनही उतरलंय. पळायला लागलात वाटतं?"

"छे, अजून सुरुवात नाही," भाऊजी म्हणाले. "इअरफोन फायनल व्हायचेत."

ताई म्हणाली, "डॉक्टर, रोज पाच किलोमीटर पळतात."

"ते टेस्टिंग," भाऊजी म्हणाले, आणि डॉक्टरांच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघून त्यांनी विचारलं की याच्या रबरी टोप्या कोणत्या मापाच्या आहेत.

तेव्हा तुम्हाला पळण्यासाठी इअरफोन घ्यायचे असतील तर माझ्याकडे निरोप ठेवा, मी पोचवतो. फी काही नाही, आठ दिवस वाट बघायची तयारी हवी. जोड मात्र नव्या मॉडेलचा सुचवा. जुने सगळे त्यांचे पळून झालेत.