ऑक्सफर्डच्या घरातील ‘नॉर्दर्न लाइट्स’: कौटुंबिक अहवाल

ऑक्सफर्ड, जूनअखेर

ती. नाना व ती. सौ. आजी यांस,

फिलिप पुलमन यांची ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही किशोरांसाठीची अद्भुत कादंबरी १९९५ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत ती ‘द गोल्डन कंपास’ या नावाने ओळखली जाते. ‘द सटल नाइफ’ (१९९७) आणि ‘दि अँबर स्पायग्लास’ (२०००) हे तिचे पुढचे भाग असून तिन्ही मिळून ‘हिज डार्क मटेरिअल्स’ ही त्रयी होते. पहिल्या भागाला कार्नेगी पदक मिळाले. पदकाला सत्तर वर्षे झाली तेव्हा, २००७ मध्ये, आजवरच्या विजेत्या पुस्तकांतून वाचकांनी मते देऊन याच पुस्तकाला पहिले स्थान दिले. लेखक ऑक्सफर्डमध्ये शिकले, इथल्याच शाळांत त्यांनी शिकवले आणि कथेची सुरुवातही ऑक्सफर्डमध्येच होते. त्यामुळे या गावात कादंबरीबद्दल मत नसलेला माणूस सापडत नाही, आणि पुस्तक वाचलेले असणे ही मत देण्याची अट समजली जात नाही.

कथानक थोडक्यात असे. लायरा नावाची मुलगी जॉर्डन कॉलेजात विद्वानांच्या अंगाखांद्यावर वाढते. तिचा मित्र रॉजर पळवला जातो. त्याला शोधत ती उत्तरेच्या बर्फात जाते, आणि तिथे तिला चिलखत घालणारी अस्वले, चेटकिणी आणि मुलांवर भयंकर प्रयोग करणारे एक केंद्र भेटते. या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपात, त्याच्या सोबत वावरतो. या प्राण्याला डीमन म्हणतात. लहान मुलांचा डीमन क्षणोक्षणी रूप बदलतो. कधी पतंग, कधी रानमांजर, कधी उंदीर. मूल वयात आले की तो एका रूपावर कायमचा स्थिरावतो.

वाचकांच्या प्रतिक्रियांपैकी निम्म्या तरी डीमनभोवती फिरतात. पुस्तक खाली ठेवताच माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘माझा कोणता?’ हा. येथील घरही त्याला अपवाद नाही. गृहस्थांनी स्वतःसाठी हिमबिबट्या मागितला. कादंबरीतल्या लॉर्ड अ‍ॅझ्रिएलचा डीमन हिमबिबट्याच आहे. प्रस्ताव मताला टाकला असता तीन विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला आणि त्यांना घोरपड देण्यात आली. सिंहगडाचा इतिहास स्मरून गृहस्थांनी ती मानाने स्वीकारली. मतदारांच्या मनात मात्र सुट्टीच्या दिवशी सोफ्याला धरलेली चिकाटी होती, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. नानांनी सांगू नये. गृहिणींना साळुंकी मिळाली. त्यावर त्या बराच वेळ बोलल्या, त्यामुळे फेरमतदानाची गरज उरली नाही. धाकट्याचा डीमन न्याहारीला मुंगूस आणि दप्तर भरताना गोगलगाय असतो. डायनोसॉरची मागणी नामंजूर झाली आहे. थोरलीला तेरावे वर्ष लागल्यापासून या विषयात गंमत वाटेनाशी झाली आहे. आपला डीमन आता कुठल्याही दिवशी स्थिरावेल आणि तो भलताच निघेल, अशी तिला धास्ती आहे. पुस्तकात एक खलाशी लायराला समजावतो, की ज्याचा डीमन डॉल्फिन झाला त्याला जमिनीवर पाऊल ठेवता येत नाही, पण आपण कोण आहोत हे त्याला कळलेले असते. थोरलीने या परिच्छेदाखाली पेन्सिलीने दोनदा रेघ मारली आहे. पुस्तक ग्रंथालयाचे आहे.

दुसऱ्याच्या डीमनला हात लावायचा नाही, हा त्या जगाचा सर्वांत कडक नियम आहे. लढाईच्या ऐन धुमश्चक्रीतही शत्रू शत्रूच्या डीमनला शिवत नाही. इंग्रज वाचकाच्या अंगात ही भीती मुरावी म्हणून लेखकाला बरीच पाने खर्ची घालावी लागली आहेत. सांगलीत आजींनी हे एका वाक्यात उरकले. थोरली रविवारी व्हिडिओ कॉलवर प्रकरण मराठीत सांगते. ती या नियमापाशी आली तेव्हा आजींनी “म्हणजे सोवळ्यातल्या माणसाला शिवायचं नाही, तसंच ना? पुढे सांग,” एवढेच म्हटले. त्यानंतर सोवळे म्हणजे काय हे दोन्ही मुलांना समजावण्यात उरलेला कॉल गेला आणि लायरा त्या आठवड्यात उत्तरेला पोहोचू शकली नाही.

आजींची दुसरी प्रतिक्रिया सोनेरी माकडाविषयीची. मिसेस कोल्टर ही देखणी, गोडबोली आणि अत्यंत क्रूर बाई. तिचा डीमन सोनेरी केसांचे माकड आहे. लेखकाने त्याला नावसुद्धा दिलेले नाही. जगभरचे वाचक या माकडाला टरकतात. दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणाऱ्या वाचकाला ते मान्य होणे कठीण होते. माकड मुळात चांगलेच असणार, बाईच्या संगतीने बिघडले, असा आजींचा निष्कर्ष आहे, आणि तो त्यांनी पुराव्याची वाट न पाहता काढला आहे.

नानांचे लक्ष अस्वलाकडे. योरेक बर्निसन हे चिलखती अस्वल लायराला भेटते तेव्हा त्याचे चिलखत गेलेले असते. गावकऱ्यांनी त्याला दारू पाजली, ते झोपले आणि तेवढ्यात चिलखत लंपास झाले. आता ते मांस आणि दारू यांवर लोखंडकाम करून दिवस काढते. दारूपायी कोणाची काय गत होते याचे इतके उत्तम उदाहरण परकीय वाङ्मयात आढळत नाही, असे नानांचे मत असून वाचनालयाच्या पुढील कार्यक्रमात ते याचा उल्लेख करणार आहेत. अस्वल काल्पनिक असल्याचे त्यांनी श्रोत्यांना सुरुवातीसच सांगावे, ही येथील सर्वांची विनंती.

आईबाप या नात्याने वाचणाऱ्यांचे दुखणे वेगळे असते. कथेतली आईबाप मंडळी एकजात नालायक आहेत. शिवाय नायिका अस्सल थापाडी आहे, आणि लेखक तिच्या थापांचे कौतुक करतो. थोरलीने पुस्तक हाती घेतल्यापासून गृहपाठाविषयीच्या तिच्या निवेदनांत रंग भरू लागला. गृहिणींनी त्यावर तिसरा भाग स्वतः वाचून उतारा काढला. त्यात लायरा मृतांच्या प्रदेशात जाते आणि तिथल्या पंखवाल्या राक्षसिणींना थाप मारते, तशा त्या तिच्यावर तुटून पडतात. खरी गोष्ट सांगितल्यावर मात्र मुकाट्याने ऐकतात. त्या पानावर खूणचिठ्ठी लावून पुस्तक जेवणाच्या टेबलावर उघडे ठेवण्यात आले. परिणाम दोन दिवस टिकला.

धर्माच्या अंगाने झालेली टीका बरीच गाजली. कथेतली ‘मॅजिस्टेरियम’ ही सर्वसत्ताधीश धर्मसंस्था ज्ञानाला घाबरते. त्यामुळे २००७ मध्ये चित्रपट आला तेव्हा अमेरिकेतल्या कॅथलिक लीगने बहिष्काराची हाक दिली, आणि त्या सुमारास अमेरिकी ग्रंथालयांत ज्यांवर सर्वाधिक हरकती आल्या त्या पुस्तकांत या मालिकेची गणना झाली. गंमत अशी की, खुद्द कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी तिची तारीफ केली आणि २००४ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लेखकाशी जाहीर गप्पा मारल्या. हे सारे फोनवर ऐकल्यावर, शुद्धिपत्रासाठी पैठणला गेलेल्या चार भावंडांचे काय झाले होते, एवढेच नानांनी विचारले आणि विषय संपला.

पुस्तक आधी की चित्रपट आधी, यावरही प्रतिक्रिया ठरते. चित्रपट कादंबरीची शेवटची प्रकरणे गाळून, सगळे आलबेल असतानाच संपतो. धाकट्याने चित्रपट आधी पाहिला. त्यामुळे रॉजर सुखरूप आहे अशा समाधानात तो कित्येक महिने होता. पुस्तकात तसे होत नाही. हे त्याला कळू द्यायचे नाही असे घरात ठरले होते आणि सर्वांनी ते पाळलेही. एका संध्याकाळी आमटीतल्या शेवटच्या शेंगेवरून भांडण पेटले, तेव्हा थोरलीने “तुझा रॉजर मरतो” असे जाहीर केले. धाकटा जेवला नाही. रात्री त्याने पुस्तकाची शेवटची पाने स्वतः वाचून खात्री करून घेतली आणि सकाळी, लेखक याच गावचा असल्याने त्याला भेटून जाब विचारता येईल का, अशी चौकशी केली. पत्राचा मसुदा तयार आहे. त्यात शुद्धलेखनाच्या चुका बऱ्याच असल्या तरी मुद्दा बिनतोड आहे.

कादंबरीतली ठिकाणे गावात दाखवता येतात, हा येथील वाचकांचा खास हक्क. दुसऱ्या भागात विल हा मुलगा सन्डरलंड अ‍ॅव्हेन्यू या हमरस्त्याच्या कडेला, हॉर्नबीमच्या झाडांजवळ, एका मांजरीला हवेत नाहीशी होताना पाहतो. तिथे दुसऱ्या जगात उघडणारी खिडकी असते. गृहस्थांचा कामावर जाण्याचा रस्ता तोच. धाकटा सोबत असला की गाडीचा वेग कमी करून डावीकडे बघत जावे लागते, आणि मागचे वाहनचालक हॉर्न न वाजवता नुसते बघतात. इथे ती शिवीच समजावी. गृहस्थांना त्या खिडकीत रस आहे, पण वेगळ्या कारणाने: दिवाळीच्या विमानतिकिटांचे दर पाहता ती मिरज स्टेशनजवळ कुठे उघडली तर बरे, असे त्यांचे म्हणणे.

सर्वांत मोठी गर्दी बाकावर. नाना कोणतेही पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून वाचायला घेतात, तेव्हा इथे शेवट सांगायला हरकत नाही. लायरा आणि विल यांना अखेर आपापल्या जगात कायमचे परतावे लागते. दरवर्षी उन्हाळ्याच्या मध्याला, भर दुपारी बारा वाजता, दोघांनी आपापल्या जगातल्या ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात, त्याच बाकावर तासभर बसायचे, असे त्यांचे ठरते. हे उद्यान १६२१ साली स्थापन झाले. बाक अगदी आतल्या बाजूला आहे. वाचकांनी त्याच्या लाकडावर दोघांची नावे इतक्या वेळा कोरली आहेत की गडावरच्या बुरुजाची आठवण यावी. २०१९ मध्ये बाकामागे दोघांच्या डीमनांचे धातूचे शिल्पही उभे राहिले.

यंदा २४ जूनला संपूर्ण कुटुंब तिथे हजर होते. पुस्तकात दोघे एकेकटे बसतात. प्रत्यक्षात रांग असते. कोणी रडत होते, कोणी फोटो काढत होते. एक पांढऱ्या केसांच्या बाई शेवटचे प्रकरण हातात उघडे धरून बसल्या होत्या आणि पान मात्र उलटत नव्हत्या. बाराच्या सुमाराला सगळे आपोआप गप्प झाले. त्या शांततेत धाकट्याने, ते दोघे येणार नसतील तर थालीपीठ आत्ताच खायचे का, असे मराठीत आणि मोठ्याने विचारले. बाईंना भाषा कळली नाही, परंतु डबा उघडल्यावर वास कळला. त्यांनी अर्धे थालीपीठ घेतले, लोणच्याला नम्र नकार दिला, आणि पहिला भाग आला तेव्हापासून आपण इथे येत असल्याचे सांगितले. तेव्हा हा शेवट लिहूनच झाला नव्हता, हे थोरलीच्या तत्काळ लक्षात आले. तिने ते बोलून दाखवले नाही. तिच्या संगोपनातली ही एकमेव जमेची बाजू म्हणून येथे नोंदवली आहे. गृहस्थ रांगेत पुढे सरकले नाहीत. ते शेजारच्या बाकावर झोपले होते. घोरपडीबद्दलचे मत त्यामुळे पक्के झाले.

तिसऱ्या भागाविषयी घरात एकमत नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत. तो लांबला आहे, देवदूत आणि चाकांवर पळणारे प्राणी यांची त्यात खिचडी झाली आहे, असे गृहिणींना वाटते. थोरलीच्या मते शेवट सोसायचा असेल तर तेवढी पाने लागतातच. या वादात थोरलीची बाजू बळकट आहे, पण ते तिला सांगण्याची ही वेळ नाही.

पहिला भाग पुण्याला निघालेल्या स्नेह्यांबरोबर पाठवला आहे. ते सांगलीला पोहोचता करतील. अक्षर बारीक असल्याने नानांनी दिवसाउजेडी वाचावा आणि एकदा तरी पहिल्या पानापासून सुरुवात करून पाहावी. आजींनी आपला डीमन पुढच्या रविवारपर्यंत कळवावा. मांजर मिळणार नाही, ती थोरलीने आधीच राखून ठेवली आहे.

कळावे,
ऑक्सफर्डची मंडळी