रुपया खंबीर आहे

डॉलरपुढे रुपया घसरला की अर्थतज्ज्ञ कपाळाला हात लावतात. त्यांनी एकदा आमच्या सातारा जिल्ह्यात, सावित्रीबाईंच्या नायगावला येऊन जावे. सावित्रीच्या लेकींसाठी शासनाने 1992 साली जो रुपया काढला, तो पुढची तीस वर्षे तसूभर हलला नाही. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या, भटक्या-विमुक्तांच्या मुलीने पहिली ते चौथीच्या वर्गात हजर राहावे आणि दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता मिळवावा. वर्षाला फार तर 220. मधल्या काळात वडापाव चढला, एसटी चढली, आमदारांचे वेतन तर दिसेनासे होईपर्यंत चढले. रुपयाने व्रत मोडले नाही.

हा पैसा रोख दिला तर भ्रष्टाचार होईल, म्हणून तो खात्यावरच हवा. जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून खाते उघडायला बँक गाठायची, तर बापाची एक दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे लेकीचा वर्षाचा भत्ता हाती पडण्याआधीच खर्ची पडला. त्या दिवशी ‘सर्व्हर डाऊन’ असला, तर पुढच्या वर्षाचाही.

पण शासन मुलांच्या पोटाकडे बघत नाही असे कुणी म्हणू नये. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले होतेच. 2025च्या जानेवारीत हिशेब लागला आणि आदेश निघाला : अंडी आणि साखर यांना वेगळा निधी नाही, लोकसहभागातून मिळवा. साखर! आमच्या सांगली-साताऱ्यात! कारखान्याच्या धुराड्याखालच्या शाळेत गुरुजींनी खिरीच्या साखरेसाठी दारोदार फिरायचे. शिल्लक वेळात शिकवायलाही हरकत नसावी.

लोकसहभाग ही कल्पना तशी इथलीच. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींची पोरे एका वसतिगृहात जेवायला बसवली आणि घरोघरच्या मूठमूठ धान्यावर ती जगवली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. आज असते तर तपासणी पथक आले असते. सदर मंगळसूत्र कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा केले? विक्रीपूर्वी तीन दरपत्रके मागवली होती काय? उपयोगिता प्रमाणपत्र जोडलेले दिसत नाही, सबब पुढील मंगळसूत्र मंजूर करता येत नाही.

बाकी, भाऊरावांकडून शासनाने नेमके काय उचलावे हे शासनाला बरोबर कळले आहे. त्यांनी लोकांकडे हात पसरला कारण सरकार परक्यांचे होते.

आता ऊसतोडीचा हंगाम. बीडकडून टोळ्या येतात, वाळवा-कराडच्या फडांत कोप्या पडतात. टोळीबरोबर आलेली तिसरीतली मुलगी गावच्या हजेरीपटावर पाच महिने गैरहजर दिसते. इथल्या शाळेने शिक्षण हमी कार्ड पाहून तिला बसवून घेतले, तरी आई-बाप फडात असताना कोपीतले धाकटे भावंड सांभाळायचे तिच्याकडेच. त्यामुळे इथेही गैरहजर. भत्त्याला हजेरी लागते. दोन जिल्ह्यांच्या दोन हजेरीपटांनी मिळून तिचे पाच महिन्यांचे रुपये वाचवले. ही बचत बहुधा साखरेकडे वळवता येईल. प्रस्ताव तीन प्रतींत सादर करावा.