कात्रीचा खुलासा

एडिसन, न्यू जर्सी

ती. आई-बाबांस सा. नमस्कार.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहिते. आई, परवा फोनवर तुझा सूर असा होता, की मी फुलझाडं लावत नसून खाटीकखाना काढतेय. "कापायचीच असतील तर लावायची कशाला?" हे तुझं, आणि मागून बाबांचं "फूल झाडावरच शोभतं!" त्यातच वहिनी पार्सलात गोड्या मसाल्याआड बियांची पुरचुंडी दडवणार असल्याचं कळलं. तिघांनाही उत्तर देणं भाग आहे.

बाबा, झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही एका हंगामाची झाडं. आपलं अंगण शोभावं ही त्यांची इच्छा नसतेच. हंगाम संपायच्या आत बी धरायचं, एवढाच त्यांचा संसार. फूल झाडावर सुकलं की बी भरायला लागतं, आणि मग नव्या कळ्यांसाठी झाड हात आखडतं. बी धरायच्या आत फूल कापलं तर ते पुन्हा फुटवे काढतं, पुन्हा फुलतं. म्हणून नेमाने कात्री चालवलेला झिनिया थंडी पडेपर्यंत फुलत राहतो, आणि 'शोभू दे' म्हणून सोडलेला लवकरच तपकिरी बोंडं मिरवू लागतो. त्याआधी आणखी एक निर्दय काम असतं. रोप वीतभर झालं की मधला शेंडा खुडायचा. शेंड्यातून खाली उतरणारं संप्रेरक बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते फुटतात आणि एका दांड्याचे अनेक होतात. तुळशीच्या मंजिऱ्या तुम्ही खुडता त्यामागचं शास्त्र हेच, तिथे मात्र भूतदया आडवी येत नाही! आता तुम्ही सूर्यफूल काढून मला अडवाल, म्हणून आधीच कबूल करते: फुलदाणीसाठीच्या एकदांडी जातींना हे लागू नाही. एक बी, एक फूल, खेळ खलास. त्या दर पंधरवड्याला थोड्या थोड्या पेरायच्या.

कापायचीही रीत असते. झिनियाचा दांडा फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवायचा. मान डुलली तर फूल कच्चं, ताठ राहिली तर कात्री लावायची. कॉसमॉस मात्र कळी उमलता उमलता घ्यायचा. सखू मावशीला हे सांगू नकोस, ती पहाटे लोकांच्या कुंपणांवरून हात घालताना प्रत्येक फुलाची मान हलवत बसेल आणि पकडली जाईल.

"मग विकत आण की!" आई, इथली बरीचशी कापलेली फुलं कोलंबिया आणि इक्वेडोरहून विमानाने मायामीला उतरतात. तिकडच्या शेतकऱ्यांनी कोकाची लागवड सोडावी म्हणून अमेरिकेने 1991 साली कायदा करून त्यांच्या मालाची जकात उतरवली, आणि इथले गुलाब-कार्नेशनवाले त्या स्पर्धेत मागे पडले. पण माझा मुद्दा पैशाआधी प्रवासाचा आहे. इतका प्रवास खोक्यात कोरडा पडून सोसतो तो गुलाब, सोसतं ते कार्नेशन. झिनिया-कॉसमॉसला तो मानवत नाही, म्हणून दुकानात ती क्वचितच दिसतात. घरी बी पेरून येतात ती नेमकी बाजाराला न झेपणारी फुलं. राहिला पैसा. दसऱ्याला देशी दुकानात झेंडूची एक माळ दहा डॉलरला. दहा! रुपये करू नकोस, रक्तदाब वाढेल. दादरच्या फुलबाजारात किलोला दोन रुपये जास्त पडले म्हणून तासभर हुज्जत घालणाऱ्या बबनकाकांना तर हे वाक्य वाचूनच दाखवू नकोस. बियांचं पाकीट चार डॉलरच्या आसपास मिळतं आणि त्यात माळांच्या माळा असतात. यावर बाबा म्हणतील, माती, ट्रे, दिवे यांचा खर्च कुठे गेला? बरोबर आहे. अँटिऱ्हिनमसारखी नाजूक बी फेब्रुवारीपासून घरात दिव्याखाली रुजवत बसलं तर हिशेब बुडालाच. म्हणून मी झेंडू, झिनिया, कॉसमॉसच्या पुढे जात नाही. मे महिन्याच्या मध्यात दंवाचं भय सरलं की सरळ जमिनीत पेरायची.

वहिनी, ती पुरचुंडी मात्र नको. इथे परदेशातून बी आणायची तर रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला हवा, नाहीतर थोड्या बियांसाठी वेगळा परवाना काढायचा. त्या परवान्यात एका पाकिटात एकाच जातीच्या जास्तीत जास्त 50 बिया किंवा 10 ग्रॅम, आणि खेपेला 50 पाकिटं. प्रत्येकावर शास्त्रीय नाव, कुठल्या देशाची ते आणि पाठवणाऱ्याचं नाव. मातीचा कण चालत नाही. आणि हे सगळं माझ्या दारात न येता आधी सरकारी तपासणी केंद्रात जाणार. तिथल्या साहेबाने गोड्या मसाल्यात बोट घालून शास्त्रीय नाव विचारलं तर काय सांगू? बाबांची 'मागच्या दसऱ्याचं तोरण चुरून टाक' ही युक्तीही इथे लंगडी पडते. बाजारातला टपोरा झेंडू बहुधा संकरित असतो, त्याचं बी आईबापांसारखं निघेलच असं नाही.

काकूंची शंका राहिली, परदेशातली फुलं देवाला चालतात का. काकू, झेंडू मूळचा मेक्सिकोचा. झिनिया, कॉसमॉस, डेलिया आणि तुमचा लाडका निशिगंधसुद्धा तिथलाच. तिकडे नोव्हेंबरच्या 1-2 तारखेला पितरांसाठी झेंडूच्याच राशी घालतात. इतकी वर्षं देवाने तक्रार केलेली नाही.

खरी अडचण पंचांगाची. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता, 2023 चा 24 ला, आणि आमच्याकडे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पहिलं दंव पडून झेंडू रातोरात काळा पडू शकतो. दसरा लवकर असेल त्या वर्षी दाराला तोरण, उशिरा असेल तर जीव टांगणीला. आई, झेंडूचं पान चुरडलं की हाताला आपल्या उंबऱ्याचा वास येतो. मग चार डॉलर आणि दहा डॉलर हे सगळं गणित मी लोकांना सांगण्यापुरतंच असतं, हे तुला एव्हाना कळलंच असेल. पारिजातक मात्र इथल्या हिवाळ्यात अंगणात जगायचा नाही, त्याबद्दल फोनवर विचारू नकोस.

शिरीषचं लग्न ठरल्याचं वाचलं. मुलीकडच्यांनी हॉल पाहिला का, आणि सुमनआत्या अजून रुसलेली आहे का, ते सविस्तर कळव. तिसरी शिट्टी झाली.

तुझी,
माई