हवाई अंतर

दोन विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारं यंत्र आता फोनातच मिळतं. त्याला धाराशिव ते लातूर विचारा. न अडखळता सांगेल: साधारण 45 किलोमीटर, अर्ध्या तासाहून थोडं जास्त. धाराशिवहून नियमित प्रवासी विमान सुटतच नाही, ही किरकोळ बाब ते मनावर घेत नाही. अक्षांश-रेखांश मिळाले की ते पृथ्वीच्या पाठीवरून नाकासमोर रेघ ओढतं, ताशी आठशेच्या वेगाने भागतं आणि उडण्या-उतरण्याचा म्हणून वर अर्धा तास घालतं. म्हणजे प्रवास साडेतीन मिनिटांचा, बाकी सगळं मानपान.

धाराशिवला विमानतळच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. धावपट्टी आहे. उस्मानाबादच्या काळातलं ‘ओएमएन’ हे तीन अक्षरांचं जागतिक नावही आहे. 2009 मध्ये नांदेड, लातूर, बारामती, यवतमाळ यांच्या जोडीने हा विमानतळ 95 वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीकडे गेला. पुढे ते परत घेण्याची भाषा सुरू झाली, ते सोडा. पण मूळ हिशेबाने मुदत 2104 पर्यंतची. पंचाण्णव वर्षांत एखादं विमान चुकून वाट वाकडी करून येईलच, असा तो दूरदर्शी विचार असावा. आमच्या भागाला वाट पाहण्याची सवय आहेच. बार्शी लाइटची नॅरोगेज गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लातूरला पोचली, पण जाताना तिने जिल्ह्याच्या गावाला बगल दिली. रूळ रुंद झाले तेव्हा कुठे ती गावाकडे वळली. त्यात शंभरेक वर्षं गेली.

तर विमानात बसायचंच असेल, तर सोलापूर गाठायचं. तिथून 2025 मध्ये आधी गोव्याचं आणि मग मुंबईचं विमान सुरू झालं. मुंबईपर्यंतचं उड्डाण तासाभराचं. पण धाराशिवच्या माणसाने बसस्थानकावर एसटीची वाट पाहायची, पासष्ट-सत्तर किलोमीटर खिडकीशी डुलक्या घ्यायच्या, रिक्षावाल्याशी भाड्यावरून घासाघीस करायची आणि वेळेच्या बरंच आधी पोचून पट्टा काढून उभं राहायचं. पुढे मुंबईत उतरल्यावर डोंबिवलीला मुलीकडे पोचेपर्यंत संध्याकाळ. आमच्या गल्लीतल्या काकांना हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे विमान मधी थोडंसंच लागतंय की. मग रातीची गाडी काय वाईट?” यावर उत्तर सुचलं नाही. ‘रुबाब’ म्हणावंसं वाटलं, पण काकांसमोर नको म्हटलं.

यंत्राचं एक मात्र मान्य करावं लागेल. त्याच्या रेघेत बालाघाटाचे डोंगर, टोलनाके आणि उसाच्या ट्रॉल्या येत नाहीत. पायाने चालणाऱ्यांच्या हिशेबातही त्या येत नाहीत बहुधा. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला हजारो माणसं रात्रभर चालत निघतात. अंतर तेच, 45 किलोमीटरच्या आसपास. त्यांच्यातल्या कुणाला “अजून किती राहिलं?” म्हणून विचारा. “हे काय, तामलवाडी आली. आलंच की तुळजापूर!” असं उत्तर येतं. तामलवाडीहून तुळजापूर अजून वीसेक किलोमीटर आहे.